लेखाखाली आमच्या दुकानाची लिंक

जुन्या जालन्यात आमचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. वेसणी, मोरक्या, कासरे, घुंगरमाळा, झुली, गोंडे, शिंगांना द्यायचा रंग, सगळं मिळतं. एका बाजूला धान्याचा ठोक व्यापारी, दुसऱ्या बाजूला कापडाचं दुकान, मधे आम्ही. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं हे दुकान माझ्या नवऱ्याच्या हाती आलं, तेव्हा गावोगावी ट्रॅक्टर पोचले होते. पोळ्याच्या आधीचे दिवस सोडले तर दुपारी आमच्याकडे फक्त पंख्याचा आवाज असायचा.

म्हणून नवऱ्यानं वेबसाइट काढली. त्याच्या एका मित्रानं ती बनवून दिली. घरातली पांढरी चादर भिंतीवर ठोकायची, तिच्यावर एकेक वस्तू अडकवायची आणि फोटो काढायचा, हे काम माझ्याकडे होतं. घुंगरमाळ नीट लटकली तर तिची सावली वाकडी पडायची, सावली सरळ केली तर माळ वाकडी. वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी नवऱ्यानं शेजारच्या दोन्ही दुकानांत पेढे वाटले.

सासरे गादीवर बसून गोंडे वळत होते. त्यांनी विचारलं, "आता गिऱ्हाईक मोबाईलमधून येणार म्हन्ता?"

"हो मामा," मी म्हणाले. "मोबाईलमधूनच."

कोणी आलं नाही. वेबसाइट किती वेळा उघडली गेली त्याचा आकडा खाली कोपऱ्यात दिसायचा. तो वाढला की नवरा हरखून मला दाखवायचा, आणि मग आमच्या लक्षात यायचं की तो यानं स्वतःच उघडून बघितल्यामुळे वाढलाय.

मी मूळची टेंभुर्णीची, शेतकऱ्याची मुलगी. लग्नाआधी जाफराबादला टायपिंगच्या दुकानात कामाला होते. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, प्रतिज्ञापत्रं असं दिवसभर दुसऱ्यांचं टाइप करायचे. मराठी टाइप करताना माझी बोटं बघायला लोक थांबत. एके दिवशी भाजी निवडता निवडता मी एक व्हिडिओ ऐकत होते. त्यातला माणूस सांगत होता की वेबसाइटवर लोक आणायचे असतील तर लेख लिहा, ते ठिकठिकाणी द्या आणि प्रत्येक लेखाखाली आपली लिंक ठेवा. मी मेथीची जुडी तशीच टाकून उठले. लेख! टाइप तर मी कुणापेक्षाही जलद करते. हे काम माझंच होतं.

पहिल्या लेखाची सुरुवात "भारत हा कृषिप्रधान देश आहे" या वाक्यानं झाली. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं की लोक जे शब्द शोधतात ते लेखात पुन्हा पुन्हा यायला हवेत. म्हणून मी दर ओळीत "बैलांचे साहित्य जालना" असं घातलं. बैलांचे साहित्य जालना येथे उत्तम मिळते. बैलांचे साहित्य जालना शहराची शान आहे. मला तो लेख इतका आवडला की मी तो फुकट लेख छापणाऱ्या मिळतील तेवढ्या साइटांवर टाकला आणि शेतकऱ्यांच्या जितक्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत शिरता आलं तितक्यांत पाठवला.

संध्याकाळपर्यंत बहुतेक ग्रुपांनी मला बाहेर काढलं होतं. एका अॅडमिननं आधी लिहिलं, "ताई, इथं जाहिरात चालत न्हाई," आणि मग काढलं. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. आपल्याला जमनारं न्हाई हे."

पण माझी हौस काही गेली नव्हती. लिहिलेलं आपण पाठवलं आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हातातल्या मोबाईलवर ते उघडलं, हेच मला भारी वाटत होतं. बाहेर काढण्यासाठी तरी त्यांनी ते पाहिलं होतंच की.

पुढे एका दुपारी नवरा माल आणायला गेला होता आणि सासरे जेवायला घरी गेले होते, म्हणून दुकानात मी होते. एक शेतकरी नायलॉनची दोरी मागायला आला. गोऱ्ह्याला वेसण घालायची होती. मी म्हणाले, "नायलॉनची नका नेऊ भाऊ. नाक कापतं त्यानं. आमच्या घरी एकदा वडिलांनी घातल्ती, गोऱ्ह्याचं नाक सुजून त्यानं कडबा सोडला. जनावराच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. सुती न्या, अन् पहिल्यांदा बांधताना सैल ठेवा." त्यानं सुती दोरी घेतली, आणि दारातून परत वळून विचारलं, "सैल म्हंजी किती?" मी काउंटरवरून उतरले, माझ्याच मनगटाभोवती दोरी घेऊन किती सैल ते दाखवलं. तो बराच वेळ प्रश्न विचारत उभा राहिला. नाकाला जखम झाली तर काय करायचं? ओली दोरी बांधावी का? वेसण बदलायची कधी?

तो गेला आणि मी तिथंच, काउंटरवर मोबाईल ठेवून लिहायला बसले. त्यानं जे विचारलं ते आणि मी जे सांगितलं ते, त्याच क्रमानं. कृषिप्रधान देश कुठेच आला नाही. जालनाही एकदाच आलं: "जुन्या जालन्यातल्या आमच्या दुकानात एका शेतकऱ्यानं मला विचारलं." जखम चिघळली तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरला दाखवा, असंही लिहिलं. आणि खाली लिंक.

हा लेख मी ग्रुपांत टाकला नाही. शेतीच्या बातम्या देणारं एक मराठी पोर्टल मी रोज वाचायचे, त्याच्या संपादकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: लेख चांगला आहे, वेसणीचा जवळून काढलेला फोटो पाठवा. मी चादर ठोकायला धावले.

रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. नवरा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. "अगं, तू वेबसाइट उघडून राह्यली का?"

"माझ्या हातात उलथनं आहे. मी कशाला उघडू?"

"मंग हा आकडा कोन वाढवतंय?"

आम्ही दोघं त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिलो. तो वाढत होता. आम्ही हात न लावता वाढत होता! मी गॅस बंद केला. पोहे कढईतच राहिले. मोबाईल घेऊन मी सासऱ्यांकडे गेले, त्यांना दाखवलं, मग परत आले, मग पुन्हा दाखवायला गेले, कारण तेवढ्यात तो आणखी वाढला होता. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळे लोक आत्ता आपल्या दुकानात आलेत म्हनायचं का?"

"दारात आलेत, मामा."

"मंग या म्हना आत. बाहेर कशाला उभे राह्यलेत?"

त्या आठवड्यात दुकानाचा फोन वाजत राहिला. लातूरकडून, परभणीकडून, एक तर थेट कोल्हापूरकडून. घेत मात्र कोणी काही नव्हतं. बैल पाय का झाडतो, झुलीला वास आला तर काय करावं, शिंगाचा रंग उडतो तो कसा टिकवायचा, असं विचारायला लोक फोन करत. नवरा वैतागला. "सगळे नुसतं विचारून राह्यलेत. घेत कोनी न्हाई." मला मात्र प्रत्येक फोन म्हणजे आयता लेख वाटत होता. फोन ठेवला की मी लिहायला बसायचे. मला जे येत नव्हतं ते सासऱ्यांना विचारायचे, दुखण्याखुपण्याचं असेल तर आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना. झुलीवर एक, रंगावर एक, घुंगरू कसं निवडावं यावर एक. शेतीच्या पोर्टलला एक पाठवायचा, गावाकडच्या सणांवर लिहिणाऱ्या साइटला दुसरा, आणि ज्या ग्रुपांनी मला हाकललं होतं त्यांच्याच अॅडमिनना विचारून तिसरा. आता ते "पाठवा ताई" म्हणत होते.

पहिली ऑर्डर आली ती घुंगरमाळेची. सांगलीकडच्या एका माणसानं वेबसाइटवरून मागवली. आम्ही तिघांनी मिळून ती खोक्यात भरली, वर चिकटपट्टी मारली, आणि नवरा ती घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेला. काउंटरवरच्या माणसानं खोकं उचललं आणि ते छन्न वाजलं. त्यानं हळूच खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा छन्न.

"यात काय हाये?"

"बैलाची माळ हाये."

"वाजून राह्यलीय ना. गाडीत अशीच वाजत गेली तर डायव्हर मला शिव्या देईल. बिलकुल घेणार न्हाई."

नवरा खोकं परत घेऊन आला. सासऱ्यांनी घरातल्या उशीसाठी आणून ठेवलेला कापूस काढला आणि एकेका घुंगरात बोटानं भरला. मग खोकं कानाशी धरून हलवलं. गप्प. "आता कोन न्हाई म्हन्तो बघू," म्हणत ते स्वतः ऑटोत बसून कुरिअरला गेले. परत आले ते हसतच आले. माळ गेली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते: वापरण्याआधी घुंगरातला कापूस काढावा.

मग चोरी झाली. एका सकाळी मी सहज आपल्या लेखाचं नाव टाकून शोधलं, तर माझा वेसणीचा लेख वेगळ्याच एका वेबसाइटवर होता. शब्द माझे, फोटो माझा, चादरीची घडीसुद्धा दिसत होती, आणि खाली लिंक मात्र त्यांच्या दुकानाची. नगरकडचं कुठलं तरी नवं दुकान. माझे कान तापले. नवरा तर फोन करून भांडायलाच निघाला होता. मी लेख पुन्हा वाचला आणि मला हसू आलं. उचलणाऱ्यानं वाचण्याची तसदीच घेतली नव्हती. "जुन्या जालन्यातल्या आमच्या दुकानात" ही ओळ तशीच होती.

भांडणाचा फोन आम्हाला करावा लागला नाही. थोड्या दिवसांनी तिकडूनच फोन आला.

"ताई, तुमचं दुकान जालन्यात का?"

"हो."

"मी नगरकडून बोलतोय. तो लेख… माझ्या पुतण्यानं टाकला. चुकलं त्याचं. पण आता लोक मलाच विचारतात, जालन्यात दुकान कुठंय, जुन्या जालन्यात कुठून वळायचं. मी काय सांगू त्यांना?"

"पत्ता सांगा की आमचा," मी म्हणाले.

मग तो माणूस म्हणाला, "ताई, तुमच्या सुती वेसणी मला ठोकात मिळतील का?"

सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या हातातला गोंडा सुटला. त्या दुकानदारानं लेखाखाली माझं नाव आणि आमची लिंक टाकली, आणि तो आजही आमच्याकडून माल नेतो.

श्रावण लागला आणि पोळ्याची धावपळ सुरू झाली. त्या गर्दीत माझ्या घुंगरांवरच्या लेखाखाली एका बाईची कमेंट आली. जाफराबादच्या पलीकडे, बुलढाण्याच्या हद्दीजवळच्या एका खेड्यातली होती. तिनं लिहिलं होतं, "ताई, आमच्या बैलाचं एक शिंग गोठ्याच्या दारात अडकून मोडलं. पोळ्याला त्याला माघं बांधून ठेवतात, लोक हसतात म्हनून. त्याला घालायला काही मिळंल का?"

मी ती सासऱ्यांना वाचून दाखवली. ते गोंडा वळत होते, ते थांबले. "परत वाच," म्हणाले. मी परत वाचली. मग त्यांनी सांगितलं, "तिला म्हना, शिंगाच्या बुडाचं अन् कपाळाचं माप घेऊन ये. पोळ्याआधी."

ती आणि तिचा नवरा आले. जीपनं जाफराबादपर्यंत आणि तिथून एसटीनं. माप सुतळीवर गाठी मारून आणलं होतं. एक गाठ कपाळाची, एक मोडक्या शिंगाच्या बुडाची. तिनं ती सुतळी पदराच्या टोकाला बांधली होती, ती सोडून तिनं काउंटरवर ठेवली. सासऱ्यांनी दोघांना चहा सांगितला आणि कामाला बसले. जाड कापडाची मऊ टोपी, आत कापूस, वर लोकरीचा मोठा गोंडा, आणि ती जागेवर राहावी म्हणून दोन्ही कानांमागून जाणारा पट्टा. पट्ट्याला छोटे आरसे. दुसऱ्या, शाबूत शिंगासाठी तसाच गोंडा, म्हणजे जोडी दिसावी. दुकानात पोळ्याची गिऱ्हाइकं उभी होती, नवरा "बाबा, जरा इकडं" म्हणत होता, पण हे उठले नाहीत.

ती बाई टक लावून बघत होती. अखेरीस म्हणाली, "यवढं भारी तर बाकीच्या बैलांनाबी न्हाई."

"मंग त्याला पुढं उभं करा," सासरे म्हणाले.

ते दोघं एसटीला गेले आणि मी तिथंच, गिऱ्हाइकांच्या गडबडीत, एका कोपऱ्यात बसून लिहिलं. बैलाचं शिंग कसं मोडलं, ती काय म्हणाली, सुतळीच्या गाठी, टोपी कशी शिवली, पट्टा कुठून घ्यायचा, घरच्या घरी करायची असेल तर काय लागतं. तिला विचारून लिहिलं होतं. शेवटी मी एक वाक्य घातलं: तुमच्याकडेही असा मागं बांधून ठेवलेला बैल असेल तर यंदा त्याला सजवा आणि त्याचा फोटो मला पाठवा.

मी तो लेख जिथं जिथं दिला होता तिथून तो पुढे निघाला आणि मग मला त्याचा माग ठेवता आला नाही. ज्या ग्रुपात मी नव्हते तिथून तो फिरून माझ्याकडे आला. माझ्या मावशीनं तो मलाच पाठवला, "बघ किती छान लिहिलंय" म्हणून. माझ्या नणंदेच्या ऑफिसात तो कोणी तरी मोठ्यानं वाचला. वेबसाइटवरच्या शिंगाच्या टोप्या संपल्या, म्हणजे मुळात त्या नव्हत्याच. त्यांच्या इतक्या ऑर्डरी आल्या की सासऱ्यांना शेजारच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या दोन बायकांना हाताशी घ्यावं लागलं. नवरा सकाळी उठल्या उठल्या विचारायचा, "आज काय टाकनार?" मी लिहीत असले की तोच चहा करून आणायचा.

पोळ्याला मी माहेरी, टेंभुर्णीला गेले. दुपारनंतर गावातले बैल वेशीत रांगेनं उभे राहिले. दादाची जोडी मधे कुठे तरी होती. मी तिच्या बाजूला उभी होते. शेजाऱ्यांकडे आलेले एक पाहुणे, पांढरा सदरा घातलेले, दादाला सांगत होते, "मोबाईलवर एक आलंय. वाचलं का? एका शिंगाच्या बैलाचं."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोलू नको म्हणून.

"न्हाई वाचलं," दादा म्हणाला. "काय हाये त्यात?"

"अहो, तो बैल बिबट्याशी झुंजल्ता! मालकाला वाचवलं त्यानं. शिंग गेलं, पन हटला न्हाई. जालन्याच्या कोनीतरी त्याला सोन्यावानी टोपी करून दिली."

मला राहवलं नाही. "बिबट्या होता का?"

"मंग! मी सोता वाचलंय ना, बाई."

दादानं तोंड फिरवलं आणि बैलाची झूल उगाच नीट करायला लागला. त्याचे खांदे हसून हलत होते. तेवढ्यात माझ्या हातातला मोबाईल थरथरला. त्या बाईनंच फोटो पाठवला होता. त्यांच्या गावची वेस, बैलांची रांग, आणि रांगेच्या सगळ्यात पुढे तो. कानांमागून पट्टा, कपाळावर आरसे, दोन्ही बाजूंना लाल गोंडे, मान ताठ. शेजारी ती उभी होती, डोक्यावर पदर, आणि तोंडभर हसू.

"हाच तो बैल," मी पाहुण्यांना म्हणाले. "आत्ता आलाय फोटो. आणि टोपी माझ्या सासऱ्यांनी केलीय."

त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग फोटोकडे पाहिलं. "आँ? तू त्या दुकानातली?" एवढंच म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि पुढच्या बैलाजवळच्या माणसाला दाखवला. "हे बघ, त्यो बिबट्यावाला!" त्या माणसानं तो त्याच्या पुढच्याकडे दिला. मोबाईल रांगेतून पुढे जाऊ लागला, एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येक जण त्यावर वाकून बघत होता आणि मान वर करून हसत होता.

"अहो, माझा मोबाईल!" मी ओरडले, आणि साडीच्या निऱ्या एका हातानं धरून रांगेच्या कडेकडेनं त्याच्यामागे पळत सुटले.